स्वीडिश काका, माओरी काका आणि आपले काका : हा एकच शब्द आहे का?

सईची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही चार वर्षं झाली स्वीडनला माल्मोमध्ये राहतो. लेक सहा वर्षांची आहे, घरात मराठी आणि घराबाहेर स्वीडिश, आणि दोन्ही ती एका दमात बोलते. गेल्या शनिवारी तिला घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले होते, तिथे काचेच्या कपाटात गोल गोल बिस्किटांचे ट्रे लावलेले असतात, काउंटरवरच्या बाईंनी तिला विचारलं, "विल दू हा एन काका?" म्हणजे तुला एक काका हवा का. स्वीडिशमध्ये काका म्हणजे बिस्किट, छोटा केक, पूर्वी गोल भाकरीसारख्या पावालाही म्हणायचे. चॉकलेटच्या वडीला सुद्धा चोक्लादकाका. अनेकवचन काकोर. इथली कुठलीही वेबसाईट उघडली की आधी पाटी येते "वी अन्वेंदर काकोर", आम्ही काकोर वापरतो, म्हणजे इंटरनेटवरच्या कुकीज. मला याची इतकी सवय झालीये की हल्ली त्यात काही वेगळं वाटतही नाही.

पण त्या दिवशी संध्याकाळी संगमनेरला माझ्या दिरांना व्हिडिओ कॉल लावला, लेकीच्या हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट होतं आणि तिने ते कॅमेऱ्यापुढे धरून विचारलं, "काका, तुमचं नाव याच्यावरून ठेवलंय का?" दीर खूप हसले, म्हणाले "अगं नाही, बिस्किटाचं नाव माझ्यावरून ठेवलंय." तिला ते खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सांगून आली.

मग मी घरच्या ग्रुपवर ही गंमत टाकली तर तिथे वेगळंच सुरू झालं. एका नातेवाईकांनी लगेच मेसेज पाठवला की बघा, संस्कृतमधूनच जगभर शब्द गेलेत, स्वीडनमध्येपण काका आहे. नवरा म्हणतो निव्वळ योगायोग. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतायत. योगायोग असेल तर का असतो, आणि नातं असेल तर कसं ओळखतात? लेकीला मला खरं ते सांगायचंय, ती सहा वर्षांची आहे पण तिला "असंच असतं" हे उत्तर चालत नाही. आणि तुम्ही बाहेर राहणाऱ्यांनी "काका" अजून कुठे ऐकलाय ते पण सांगा ना.

---

अक्षरवेडा

ताई, प्रश्न फार चांगला आहे. आधी स्वीडिश काकाचं बघू.

हा शब्द जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेत, "काका" असाच होता. व्हायकिंग लोक इंग्लंडात जाऊन स्थायिक झाले तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला आणि त्याचाच पुढे इंग्रजी "केक" झाला. म्हणजे आपण वाढदिवसाला कापतो तो केक आणि तुमच्या बेकरीतला काका हे सख्खे भाऊ. जर्मन "कूखन" म्हणजे केक, तो त्यांचा चुलतभाऊ. फिनिश भाषा या कुटुंबातली नाहीच, तिने शेजाऱ्यांकडून उसना घेतला आणि "काक्कू" केला. आता यात चुलत्याचा कुठे संबंध नाही, पहिल्यापासून हा भट्टीतलाच शब्द आहे. स्वीडिशमध्ये एक म्हण पण आहे, "काका स्योकर माका", शब्दशः बघितलं तर काका आपली जोडीदारीण शोधतो, म्हणजे सारख्याला सारखं बरोबर सापडतं. लेकीला ही नक्की शिकवा, तिला आवडेल.

आता नातं ओळखायचं कसं, तर यातली खरी गोष्ट ही आहे की नात्यातले शब्द सहसा सारखे दिसत नाहीत. स्वीडिश आणि मराठी या लांबच्या का होईना पण एकाच कुटुंबातल्या भाषा आहेत, इंडो-युरोपीय, त्यामुळे त्यांच्यात खरे नातेवाईक शब्द आहेतच. पण ते बघा कसे आहेत. आपला दात, स्वीडिश "तांद". आपलं शे, संस्कृत शत, स्वीडिश "हुंद्रा". संस्कृत जानु म्हणजे गुडघा, स्वीडिश "क्नॅ". आणि मला सगळ्यात आवडतो तो म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू, संस्कृत युग, त्याला स्वीडिशमध्ये म्हणतात "ऊक". जू आणि ऊक ऐकून कोणाला वाटेल का की हे एकाच मुळाचे आहेत? पण आहेत, कारण बदल नियमाने झालाय. संस्कृतात जिथे ग किंवा ज आहे तिथे जर्मानिक भाषांमध्ये (स्वीडिश, इंग्रजी, जर्मन वगैरे) क येतो, जिथे द आहे तिथे त येतो, आणि हे एका शब्दात नाही, शेकडो शब्दांत पुन्हा पुन्हा तसंच होतं. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नियम नीट मांडला, तोच तो परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांमधला थोरला.

याच नियमाने जुन्या क चा तिकडे ह होतो, म्हणून स्वीडिश "काका" जर खरंच जुन्या काळापासून आपल्या काकांचा नातेवाईक असता तर त्यातले दोन्ही क बदललेले दिसायला हवे होते. हुबेहूब सारखा आहे हीच त्याच्याविरुद्धची साक्ष आहे. ग्रुपवरच्या काकांना (नातेवाईक पण काकाच असतील ना!) हे सांगून बघा.

---

शनिवारपेठ

वरच्या उत्तराला अनुमोदन, पण "काका" म्हणजे नातेवाईक या अर्थाने शब्द किती लांब पसरलाय ते पण बघण्यासारखं आहे, आणि तिथे मात्र योगायोग म्हणून सोडता येत नाही.

मी पुण्यात शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गात काबूलचा एक मुलगा होता, पुण्यात तेव्हा अफगाण विद्यार्थी बरेच असायचे हे पुणेकरांना माहितीये. एकदा तो माझ्या घरी जेवायला आला होता आणि मी वडिलांच्या भावाला "काका, वाढू का अजून" असं विचारलं तर तो घास हातात तसाच धरून थांबला. म्हणाला आमच्याकडे पण काकाच. दरी भाषेत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीत, वडिलांचा भाऊ काका. मग मी विचारलं आईच्या भावाला काय, तर म्हणाला मामा. आम्ही दोघं पुढचा अर्धा तास नातीच मोजत बसलो आणि आईने त्याला दोन पोळ्या जास्त वाढल्या. घरापासून एवढ्या लांब आलेला पोरगा, त्याला त्या दिवशी आमच्याकडे काका-मामा सापडले, मला ते अजून आठवतं.

पण गंमत अशी की जरा पश्चिमेला सरकलं की अर्थ बदलतो. इराणात शिराझकडे काका म्हणजे भाऊ. कुर्दिश भाषेत काक किंवा काका म्हणजे थोरला भाऊ, आणि कुठल्याही पुरुषाच्या नावाआधी आदराने "काक" लावतात, आपण नावामागे राव लावतो तसं. आणि इकडे पंजाबात आलात की काका म्हणजे चक्क लहान मुलगा, पोरगा, आणि काकी म्हणजे छोटी मुलगी! राजेश खन्नाला सगळे काका म्हणायचे ना, आपल्याला वाटतं वयाच्या मानाने, तर नाही, तो पंजाबी घरातला लाडाचा काका आहे, आपल्याकडे बाळ्या किंवा छोटू म्हणतात तसा.

म्हणजे एकाच पट्ट्यात काका कुठे भाऊ, कुठे चुलता, कुठे बाळ. शब्द माणसांबरोबर फिरलेला आहे, व्यापारी, सैन्य, दरबार, सगळं या वाटेने येत जात होतं, पण मुळात हा बोबडा शब्द असल्यामुळे प्रत्येक घरात नव्याने पण तयार होत राहतो, त्यामुळे कोणी कोणाकडून घेतला याची एक सरळ रेघ काढता येत नाही.

आपला या नात्यासाठीचा पिढीजात शब्द आहे चुलता. तो आलाय संस्कृत "क्षुल्लतात" वरून, क्षुल्ल म्हणजे धाकटा, लहान, आणि तात म्हणजे बाप. म्हणजे चुलता म्हणजे धाकटा बाप. मला हे कळलं तेव्हा चुलता या शब्दाकडे बघायची नजरच बदलली, तोपर्यंत तो मला कोर्टकज्जातला आणि सातबाऱ्यावरचा शब्द वाटायचा. आणि मग ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावाने "काका मला वाचवा" म्हणत राघोबादादाला घातलेली मिठी आठवा, त्या हाकेतला काका म्हणजे कोण असतो ते मग जास्त टोचतं.

---

दारेसलामची_मुक्ता

शनिवारपेठ दादा, तुमचं "धाकटा बाप" वाचून मी उडालेच, कारण आमच्याकडे स्वाहिलीत चुलत्याला अगदी हेच म्हणतात! बाबा म्हणजे वडील (हो, बाबाच) आणि वडिलांचा धाकटा भाऊ म्हणजे "बाबा म्डोगो", म्डोगो म्हणजे लहान. थोरला भाऊ असेल तर "बाबा म्कुब्वा", मोठा बाबा. स्वाहिली ही बांटू, म्हणजे आफ्रिकेतल्या एका वेगळ्याच कुटुंबातली भाषा, आपल्याशी तिचं काही नातं नाही, पण विचार तोच.

आणि आता काका. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, त्यातून थोरला भाऊ. रस्त्यात अनोळखी तरुण माणसाला हाक मारायची तर "काका". भाजीवाला काका, बसमधला तिकिटं घेणारा काका, आणि तो बावीस वर्षांचा असतो! पहिले काही महिने मला फार चुकल्यासारखं वाटायचं, मराठीत बावीस वर्षांच्या मुलाला काका म्हणाल तर तो रागावेल, इथे तोच शब्द "दादा" च्या जागी आहे.

आणि दादाचं तर अजूनच उलट. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. माझ्या धाकट्या मुलाने बागेत मोठ्या भावाला जोरात "दादाऽऽ" अशी हाक मारली की आजूबाजूच्या दोन मुली वळून बघतात. घरकामाला मदत करणाऱ्या मुलीला पण इथे दादा म्हणायची पद्धत आहे. आता माझी मुलं दोन्हीकडे बरोबर वापरतात, घरात दादा म्हणजे भाऊ आणि दाराबाहेर दादा म्हणजे ताई, त्यांना कधी गोंधळ झाल्याचं मी बघितलेलं नाही. सईच्या आई, तुमची लेक पण काका दोन्ही अर्थांनी सांभाळेल, काळजी करू नका.

---

कोझिकोडवारी

छोटीशी भर. नोकरीमुळे तीन वर्षं केरळात काढली. मल्याळममध्ये काक्का म्हणजे कावळा, तमिळमध्ये पण काक्काच. आणि मलबारच्या मुस्लिम घरांमध्ये थोरल्या भावाला पण काक्का म्हणतात, त्याचंच लाडाचं छोटं रूप इक्का. मल्याळम सिनेमातल्या मम्मुट्टीला तिकडचे लोक मम्मुक्का म्हणतात तो हाच इक्का. एकाच गल्लीत छपरावर काक्का आणि ओट्यावर काक्का, आणि कोणालाही अडचण होत नाही, कारण बोलणाऱ्याला संदर्भ माहीत असतो.

---

माद्रिदकर_वैदेही

मला जे सांगायचंय ते जरा नाजूक आहे पण सांगते, कारण ताईंची लेक कधीतरी इकडे फिरायला येईल.

स्पॅनिशमध्ये काका म्हणजे शी. लहान मुलांची शी. आणि हे फक्त स्पॅनिश नाही हां, जर्मन, हंगेरियन, तुर्की, कितीतरी भाषांत लहान मुलांच्या बोलण्यात काका म्हणजे शीच. फिनिशमध्ये "काक्का" म्हणजे शी आणि वर सांगितलंय तसं "काक्कू" म्हणजे केक, एका स्वराचा फरक. यातला स्पॅनिशचा शब्द लॅटिन "काकारे" या क्रियापदाच्या घराण्यातला आहे, पण हंगेरियन आणि तुर्की या त्या कुटुंबातल्याच नाहीत, तिकडेही लहान मुलांच्या तोंडी हाच शब्द आहे.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. माझा भाऊ, म्हणजे मुलाचा मामा, तो आला तेव्हा काही प्रश्न नव्हता. पण मागच्या उन्हाळ्यात मुलाचे काका नाशिकहून आले. मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा. बागेत घसरगुंडीच्या वर उभा राहून त्याने हाक मारली "काकाऽऽ, काकाऽऽ, लवकर या!" तर खाली उभ्या असलेल्या दोन आज्या एकदम धावत आल्या त्याला उतरवायला, एकीने तर मला हाताने खुणा करून संडास कुठे आहे ते दाखवलं. त्या इतक्या आपुलकीने धावल्या होत्या. मी त्यांना समजावलं की हे त्याचे काका, वडिलांचे भाऊ, आमच्या भाषेत "तिओ" ला काका म्हणतात, तेव्हा त्या दोघी भावजींशी हात मिळवून गेल्या.

घरी आल्यावर भावजी म्हणाले की वहिनी, मला इथे दुसरं काहीतरी म्हणायला शिकवा त्याला, नाना म्हणा, तात्या म्हणा. मी नाही म्हटलं. माझं म्हणणं असं की मुलाच्या तोंडात जो शब्द प्रेमाने बसलाय तो बाहेरच्यांच्या कानाला कसा लागतो म्हणून काढून घ्यायचा नाही. आजही तो फोनवर काकाच म्हणतो, आणि त्याच्या शाळेतल्या बाईंना पण आता माहितीये.

आणि हो, ब्राझीलचा फुटबॉलपटू काका, २००७ चा बालोन दोर हा फुटबॉलचा मोठा पुरस्कार जिंकलेला, त्याचं नाव रिकार्दो. धाकट्या भावाला रिकार्दो म्हणता यायचं नाही, त्याने काका केलं आणि तेच जगभर झालं. तिथे उच्चारात जोर शेवटच्या काऽ वर देतात, शीचा शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन, म्हणून पोर्तुगीज कानाला ते वेगळे शब्द आहेत. आपल्या कानाला हा फरक पटकन कळतच नाही.

---

रानवाट

वेलिंग्टनहून. या धाग्यात मला लिहायलाच पाहिजे कारण माझ्या गॅलरीच्या कठड्यावर रोज सकाळी काका येतात!

माओरी भाषेत काका म्हणजे पोपट. न्यूझीलंडचा मूळचा जंगली पोपट, साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर, वरून मातकट तपकिरी, जवळजवळ ओल्या सालीच्या रंगाचा, फांदीवर बसला तर दिसणार पण नाही. पण पंख उघडले की आतून लालभडक. चोच मोठी आणि वाकडी, तिने झाडाची साल सोलून आतल्या अळ्या आणि रस खातो. पहाटे आणि संध्याकाळी असा काही आवाज करतात की झोपेतला माणूस उठून बसतो. वेलिंग्टनमधून हा पक्षी जवळपास नाहीसाच झाला होता, २००२ मध्ये शहरातल्याच झीलँडिया अभयारण्यात सहा काका आणून सोडले आणि आता ते शहरभर फिरतात. आई इकडे आली होती तेव्हा तिला सांगितलं की याला काका म्हणतात, तर ती रोज सकाळी दार उघडून "या काका" म्हणायची. खायला मात्र काही घालायचं नसतं त्यांना, बाधतं, ते तिला समजावून सांगायला लागलं.

या काकापासून पुढे शब्द कसे झालेत बघा. माओरीत "पो" म्हणजे रात्र, म्हणून रात्री फिरणारा, उडता न येणारा, जगातला सगळ्यात वजनदार पोपट तो काकापो. २०२२ मध्ये त्यांची संख्या अवघी २५२ होती, प्रत्येकाला नाव दिलेलं आहे. "रिकी" म्हणजे लहान, म्हणून छोटा हिरवा पोपट काकारिकी, आणि त्याच्यावरून माओरीत हिरव्या रंगालाच काकारिकी म्हणतात. आपण पोपटी रंग म्हणतो ना, अगदी तसंच! पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसांनी हिरव्या रंगाकडे बघितलं आणि दोघांना पोपटच आठवला, मला हे फार सुंदर वाटतं.

आता हे नाव कुठून आलं तर आवाजावरून. आणि या बाबतीत आपल्याकडे फार जुना दाखला आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या संस्कृत ग्रंथात, कावळ्याच्या नावाबद्दल म्हटलंय "काक इति शब्दानुकृतिः", म्हणजे काक हे आवाजाचं अनुकरण आहे, आणि पुढे म्हटलंय की पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं. अडीच हजार वर्षांच्या आसपास जुना ग्रंथ. तिथेच औपमन्यव नावाच्या आचार्यांचं मतही दिलंय, की आवाजावरून शब्द होतच नाहीत. म्हणजे तुमच्या ग्रुपवर चाललाय तो वाद तेव्हापासूनचा आहे. यास्क औपमन्यवाला चुकीचा म्हणून गप्प नाही करत, त्याचं मत नोंदवून ठेवतो, हे मला विशेष वाटतं.

आणि आपला काकाकुवा? तो मलाय "काकातुआ" वरून आलाय, तोच इंग्रजीत कॉकाटू झाला. मलायमध्ये काकाक म्हणजे मोठं भावंड (मलेशियात मोठी बहीण) आणि तुआ म्हणजे म्हातारं, म्हणून काही जण त्याची फोड म्हातारी ताई अशी करतात, काही म्हणतात हा पण आवाजच. इंडोनेशियात खिळे उपटायच्या पकडीला पण काकातुआच म्हणतात, पक्ष्याची चोच बघितलीत तर लगेच कळेल का ते.

---

सिंगापूर_सुमेध

काकूंना सगळे विसरले की! आमच्या घरी काकी म्हणतात, काकू नाही, म्हणून लिहितो. मलायमध्ये काकी म्हणजे पाय. इथे दुकानांपुढे छताखालून चालायची जी जागा असते ती "काकी लिमा", पाच पायांची वाट, म्हणजे पाच फूट रुंदीची. सिंगापुरात नेहमीच्या जोडीदाराला पण काकी म्हणतात, जेवायला बरोबर येणारा तो माझा जेवणाचा काकी. आणि जपानीत काकी हे फळ, ते नारिंगी टोमॅटोसारखं दिसणारं, शिवाय वेगळ्या सुरात म्हटलं तर कालव.

---

माळरान

सगळं वाचलं, छान माहिती, पण मला एक पटत नाही. एवढ्या ठिकाणी काका म्हणजे भाऊ, चुलता, मोठं भावंड. कुर्दिस्तान, काबूल, पुणे एक वेळ ठीक आहे, पण आफ्रिकेत स्वाहिलीत पण भाऊ, मलायमध्ये पण भावंड, मलबारात पण भाऊ. इतकं सगळं आपोआप जुळतं? मग सगळ्यांची मूळ भाषा एकच असणार असं म्हटलं तर त्यात चूक काय आहे?

---

अक्षरवेडा

माळरान, शंका रास्त आहे, म्हणून नीट लिहितो.

बाळाचं तोंड जगभर एकच आहे. आधी गळ्याशी "अग्गू" चालतं, मग ओठ मिटून उघडले की म, प, ब निघतात, जीभ दातांमागे लागली की त, द, न, आणि जीभ मागे टाळूला लावून नीट सुटा क काढायला बहुतेक मुलांना जरा उशीर लागतो. स्वर सगळ्यात सोपा आ. आणि मूल एक अक्षर दोनदा म्हणतं. आता या सामानातून किती शब्द होणार? मामा, पापा, बाबा, दादा, ताता, नाना, काका. संपलं. आता आपली मराठी नाती बघा : बाबा, मामा, दादा, नाना, काका. सगळी त्याच सामानातून केलेली, फक्त व्यंजन बदललंय. प्रत्येक भाषेतल्या मोठ्या माणसांनी बाळाच्या तोंडचे हे आवाज ऐकले आणि घरातली माणसं त्यांना वाटून दिली. सगळ्यात आधी येणारे आवाज जवळच्यांना, म्हणजे आई-बापाला, आणि उरलेले भावाला, चुलत्याला, आजोबाला. क उशिरा येतो, म्हणून तो पहिल्या दोघांनंतरच्या माणसाकडे जातो, असं मला तरी दिसतं.

जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये जगभरातले आई आणि वडील यांच्यासाठीचे १०७२ शब्द गोळा केले होते. आईच्या शब्दांत म, न जास्त, वडिलांच्या शब्दांत प, त जास्त. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकॉबसनने त्याच्यावर लेख लिहून कारण सांगितलं, दूध पिताना तोंड भरलेलं असतं तेव्हा नाकातून जो आवाज निघतो तो म, म्हणून तो आईकडे गेला.

आणि वाटणी ठरलेली नाही याचा पुरावा पण आहे. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील आणि आई म्हणजे "देदा". आपल्याकडे मामा आईचा भाऊ. दादा आपल्याकडे भाऊ, मुक्ताताईंकडे बहीण. काका पंजाबात बाळ. एकाच मूळ भाषेतून आले असते तर हजारो वर्षांत आवाज बदलले असते, वर जू आणि ऊकचं झालं तसं. हे आवाज झिजलेले नाहीत कारण हे दर पिढीला नवीन जन्माला येतात. बाळ रोज नवं आहे, त्यामुळे शब्द पण ताजा.

म्हणजे ताई, तुमच्या प्रश्नातले काका निदान तीन ठिकाणांहून आलेत : बाळाच्या तोंडातून आपले काका, कुर्दिश भाऊ, आणि ती स्पॅनिश शी पण, पक्ष्याच्या गळ्यातून काक, काक्का आणि माओरी काका, आणि भट्टीतून स्वीडिश काका.

---

माळरान

हे पटलं. जॉर्जियन मामा वाचून थांबलो मी. आमच्या भागात धाकटा चुलता पुतण्याला वाढवतो, ऊसतोडीला आईबाप जातात तेव्हा पोरं चुलत्याकडेच असतात, मीपण तसाच वाढलोय. धाकटा बाप हा अर्थ आज कळला. आज चुलत्याला फोन करतो.

---

सईची_आई

मंडळी, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री पूर्ण धागा दिरांना फोनवर वाचून दाखवला, लेक मांडीवर बसून ऐकत होती. दीर आधी "धाकटा बाप" वर गप्प झाले. ते माझ्या नवऱ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे, सासरे लवकर गेले तेव्हा यांचं सगळं शिक्षण त्यांनीच केलं, तर म्हणाले की मी तर मग स्वाहिलीतला मोठा बाबा. लेकीने लगेच पाठ केलं, बाबा म्कुब्वा. आता ती त्यांना तेच म्हणतेय आणि त्यांना ते आवडलंय, पण मध्येच विसरून काका म्हणते.

तिला मी असं सांगितलं की एक काका घरातला, एक भट्टीतला आणि एक झाडावरचा, तिघांची ओळख नाही पण नाव सारखं आहे, तुझ्या वर्गात दोन एम्मा आहेत ना तसं. ते तिला पटलं. फक्त झाडावरच्या काकाचा आवाज कसा असतो ते तिला ऐकायचंय आणि तिच्याहून जास्त तिच्या काकांना ऐकायचंय. रानवाट, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल तर टाकाल का?

---

रानवाट

टाकते ना. आत्ता इथे रात्र आहे. पहाटे साडेपाचला येतात, फोन गॅलरीत लावून ठेवते. संगमनेरच्या काकांना सांगा आवाज जरा कमी ठेवून लावा, पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं.